बागेत कुत्र्यांना मोकळं सोडायची जागा हवीये? मग कुंपण मागायच्या आधी हे वाचा

पुण्यात डॉग पार्कची मागणी जवळपास सगळीकडे एकाच पद्धतीने होते. व्हॉट्सॲप ग्रुपवर विषय निघतो, दोन दिवसांत सह्या गोळा होतात आणि त्या सगळ्या कुत्रेवाल्यांच्याच असतात, मग "आमच्या उद्यानात डॉग पार्क करून मिळावा" असा एका ओळीचा अर्ज जातो आणि पुढे वर्षभर काहीही हलत नाही. किंवा मध्येच ज्येष्ठ नागरिक संघाचं विरोधाचं पत्र पोचतं आणि फाइल बंद होते. मागणी रास्त असते, क्रम उलटा असतो. लोक कुंपणापासून सुरुवात करतात, पण कुंपण यायच्या आधी बरीच कामं व्हावी लागतात आणि ती न करता उभारलेली जागा सहा महिन्यांत घाण होऊन कुलूप लागतं.

खालचे टप्पे पुणे महापालिकेच्या बागा डोळ्यासमोर ठेवून लिहिलेत. मुंबई, ठाणे, नाशिकला खात्यांची आणि पदांची नावं थोडी बदलतील, क्रम हाच ठेवा.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करून घ्या, स्वतःशी आणि सगळ्यांशी. ही जागा पाळीव, लस दिलेल्या, मालक सोबत असलेल्या कुत्र्यांसाठी आहे. भटक्या कुत्र्यांना खाऊ घालायची जागा हा पूर्ण वेगळा विषय आहे, २२ ऑगस्ट २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशात प्रत्येक वॉर्डात त्यासाठी वेगळ्या जागा ठरवायला सांगितलंय. हे दोन विषय एका अर्जात आले की दोन्ही अडकतात.

## टप्पा १: बागेचा आजचा नियम काय आहे ते बघा

गेटवरचा बोर्ड वाचा. बहुतेक बागांमध्ये "पाळीव प्राणी आणू नयेत" असं लिहिलेलं असतं. म्हणजे तुमची खरी पहिली मागणी कुंपणाची नाहीच, ती या नियमाला लेखी अपवाद मिळवायची आहे. ठरलेला भाग, ठरलेल्या वेळा, आणि गेटपासून त्या भागापर्यंत कुत्रा पट्ट्यावर नेण्याचा ठरलेला रस्ता. हा अपवाद कागदावर नसेल तर उद्या सुरक्षारक्षकाने तुम्हाला गेटवर अडवलं तर चूक त्याची नसेल, तो बोर्डावरचा नियमच पाळतोय.

मग बागेचे कागद हवेत. मंजूर लेआउट, एकूण क्षेत्रफळ, जमिनीखालून जाणाऱ्या पाण्याच्या, ड्रेनेजच्या आणि विजेच्या लाइन. उद्यान निरीक्षकांना भेटून सरळ मागा, बऱ्याचदा बघायला मिळतात. नाही मिळाले तर माहिती अधिकारात अर्ज करा. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत हवा, लोक इथे अख्खी तक्रार लिहून टाकतात आणि मग अर्ज परत येतो.

नेहमीची चूक: भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांची प्रत अर्जाला जोडणं. त्या सूचना सोसायट्यांनी कुत्रा पाळण्यावर बंदी घालू नये वगैरे सांगतात. सार्वजनिक बागेत कुत्रा मोकळा सोडण्याचा हक्क त्यातून मिळत नाही, आणि अधिकाऱ्याला हे माहीत असतं. उगाच पहिल्याच भेटीत तुमचं वजन कमी होतं.

## टप्पा २: माणसं जोडा, आणि सुरुवात माळ्यापासून करा

पाच ते सात जणांचा गट करा आणि त्यात किमान दोघं असे घ्या ज्यांच्याकडे कुत्रा नाही. हे लोकांना पटत नाही पण यानेच सगळ्यात जास्त फरक पडतो, कारण बैठकीत तेच दोघं जे बोलतात ते ऐकलं जातं.

मग भेटायला सुरुवात करा. सगळ्यात आधी बागेतले माळी आणि मुकादम. शी कोण उचलणार हा प्रश्न शेवटी त्यांच्याच डोक्यावर येऊन बसतो हे त्यांना पक्कं ठाऊक असतं, त्यामुळे त्यांचा विरोध सगळ्यात मूक आणि सगळ्यात परिणामकारक असतो. त्यांना सांगा की आतली सफाई आमचा गट करणार, आणि कोणत्या वारी कोण येणार त्याची नावं दाखवा. मग सकाळचा हास्य क्लब, ज्येष्ठ नागरिक संघ, संध्याकाळी लहान मुलांना घेऊन येणाऱ्या आया-आज्या, आणि बागेला लागून ज्यांची घरं आहेत ते.

या भेटींमध्ये वाद घालू नका, वहीत लिहून घ्या. आजी म्हणाल्या की कुत्रा अंगावर आला तर मी पडेन आणि माझं खुब्याचं हाड मोडेल, तर ती भीती शंभर टक्के खरी आहे आणि "माझा काही करत नाही हो" हे तिचं उत्तर होऊ शकत नाही. उत्तर आराखड्यात द्यायचं असतं: कुत्र्यांचा रस्ता वॉकिंग ट्रॅकला कुठेही छेदणार नाही. आवाजाची तक्रार असेल तर वेळा बदला. रेबीजची भीती असेल तर लसीचं कार्ड दाखवल्याशिवाय प्रवेश नाही हा नियम आत्ताच कबूल करा.

सोबत एक आठवडाभर मोजणी करा. सकाळी आणि संध्याकाळी कोणत्या वेळेला किती कुत्री त्या भागात फिरवली जातात, त्यातली छोट्या जातीची किती, मोठी किती. साधा वहीचा तक्ता पुरतो. अर्जात "खूप लोकांची गरज आहे" लिहिण्यापेक्षा हा तक्ता जोडला की अधिकारी दुसरं पान उलटतो.

पुढे जायच्या आधी तपासा: कुत्रा नसलेल्या लोकांच्या सह्या किती? त्या नसतील तर पुढचा टप्पा घेऊ नका, अजून भेटी घ्या.

## टप्पा ३: जागा निवडा, टेप लावून मोजा

हैदराबाद महापालिकेने २०१८ साली कोंडापूर भागात १.३ एकरांवर डॉग पार्क केला, आणि तेव्हापासून त्याचे फोटो प्रत्येक अर्जाला जोडले जातात. आपल्या वस्तीतल्या बागेत एवढी जागा नसते. तो फोटो बघून अधिकारी "जागा नाही" म्हणून मोकळा होतो. तुमच्या बागेला झेपेल तेवढंच मागा.

पाच गुंठ्यांत काम होतं. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे ९० बाय ६० फुटांचा तुकडा साधारण पाच गुंठ्यांचा झाला. त्यातले ६० बाय ६० मोठ्या कुत्र्यांना आणि ३० बाय ६० छोट्या आणि म्हाताऱ्या कुत्र्यांना. हा मधला पडदा, म्हणजे दोन भागांमधली जाळी, कधीही वगळू नका. लॅब्रेडॉर खेळत खेळत जरी शित्झूवर आदळला तरी शित्झूचा पाय मोडतो, त्याला भांडण व्हावं लागत नाही.

जागा बघताना:

- मुलांच्या खेळण्यांपासून आणि ओपन जिमपासून लांबचं टोक घ्या, मध्ये झाडी असेल तर उत्तम.
- बागेच्या एखाद्या बाजूच्या गेटजवळ असेल तर कुत्री अख्ख्या बागेतून न्यावी लागत नाहीत. या एका गोष्टीने निम्मा विरोध मावळतो.
- बागेतला सगळ्यात खोलगट कोपरा "रिकामाच आहे" म्हणून देऊ करतात. घेऊ नका. पावसात तिथेच पाणी साचतं म्हणून तो रिकामा असतो.
- जुनी झाडं असलेली जागा बघा, एप्रिल-मेच्या उन्हात सावली नसेल तर दोन महिने तिथे कोणी फिरकणार नाही. पण कुंपणाच्या रेषेत झाड येत असेल तर रेषा वळवा. झाड तोडणं, मोठ्या फांद्या छाटणं याला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते आणि त्यात तुमचा प्रकल्प रुतून बसतो.
- लागून असलेल्या घरांच्या बेडरूमच्या खिडक्या कुठे आहेत ते बघा. हो, खरंच, पहाटे जाऊन उभं राहून बघा.

आणि झाडं ओळखता येणाऱ्या कोणालातरी सोबत न्या. आपल्या बागांमध्ये शोभेसाठी कण्हेर, पिवळी कण्हेर (बिट्टी), सायकस, डायफेनबॅकिया सर्रास लावलेले असतात आणि हे सगळे कुत्र्यांना विषारी आहेत. सायकसच्या बिया तर यकृत निकामी करतात आणि पिल्लं त्या चघळतात. कुंपणाच्या आत आणि जाळीला लागून ही झाडं असतील तर ती हलवण्याचं काम आराखड्यातच लिहा, नंतर कोणी करत नाही. कुसळाचं गवतही बघा, कुसळं कानात आणि बोटांच्या बेचक्यात घुसतात आणि आत सरकत जातात.

## टप्पा ४: अर्ज आणि पैसा

अर्ज उद्यान अधीक्षकांच्या नावाने, प्रत क्षेत्रीय कार्यालयाच्या सहायक आयुक्तांना आणि प्रभागाच्या नगरसेवकांना. उद्यान विभागाचं मुख्य कार्यालय जंगली महाराज रस्त्यावर संभाजी उद्यानात आहे, पण सुरुवात तुमच्या बागेच्या उद्यान निरीक्षकापासूनच करा, वरून खाली आलेला कागद त्याला आवडत नाही आणि जागेचा अहवाल शेवटी तोच लिहितो.

अर्ज एका पानाचा ठेवा आणि मागे जोडपत्रं लावा: हाताने काढलेला पण मापं असलेला नकाशा, मोजणीचा तक्ता, कुत्रा असलेल्या आणि नसलेल्या दोघांच्याही सह्या, नियमांचा मसुदा, आणि सफाईचं लेखी हमीपत्र. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. ईमेल पाठवलाय, साहेबांना व्हॉट्सॲप केलंय, याला फाइलमध्ये काही किंमत नाही.

पैशाची वेळ चुकते म्हणून बऱ्याच चांगल्या मागण्या वाया जातात. पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक ही योजना आहे, नागरिक आपल्या प्रभागातलं छोटं काम सुचवू शकतात. अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरच्या आसपास मागवतात आणि ते क्षेत्रीय कार्यालयात भरायचे असतात. म्हणजे टप्पा १ ते ३ उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला उरकलेले हवेत. जानेवारीत जागं होऊन धावपळ केली तर तोपर्यंत पुढच्या १ एप्रिलपासूनच्या वर्षाची जुळणी बरीचशी झालेली असते.

मागताना कामाचं माप द्या. वरच्या ९० बाय ६० च्या जागेला परिघ ३०० फूट, मधला पडदा ६० फूट, म्हणजे ३६० रनिंग फूट जाळी आणि दर ८ फुटांवर खांब धरला तर ४५ च्या आसपास खांब. कनिष्ठ अभियंत्याला एवढं हातात मिळालं की एस्टिमेट लवकर होतं. आणि एस्टिमेट झाल्यावर ते वाचा. डबल गेट (एकामागे एक दोन गेटं), नळ आणि निचरा या तीन गोष्टी "नंतर बघू" म्हणून गळतात, आणि मोडणारी जागा याच तिघांमुळे मोडते.

एक सूचना: खात्याची तयारी नसेल तर तीन महिन्यांचा प्रयोग मागा, तात्पुरत्या खांबांवर पक्की जाळी लावून आणि फक्त सकाळच्या वेळेत. बांबूला हिरवी नेट बांधून मात्र करू नका, पहिल्याच दिवशी एखादा कुत्रा त्यातून आरपार जाईल आणि ती एक घटना तुमची सगळी मेहनत खाऊन टाकेल.

## टप्पा ५: प्रत्यक्ष काम

ठेकेदार नेहमीच्या बागेच्या कुंपणासारखं काम करून मोकळा होतो, त्यामुळे इथे रोज कोणीतरी उभं राहा.

जाळी. उंची किमान ५ फूट. आपली गावठी कुत्री चपळ असतात, ४ फूट ती सहज ओलांडतात. चेनलिंक जाळीची एक कड टोकदार असते, ती वर ठेवायची नाही. जाळी खांबांच्या आतल्या बाजूने बांधायची, म्हणजे कुत्रा धडकला तरी ती खांबावर दाबली जाते, तारा सुटत नाहीत. खालची कड जमिनीत सहा-नऊ इंच पुरा किंवा काँक्रीटच्या पट्टीत बसवा, उकरणारी कुत्री तासाभरात बोगदा करतात. छोट्या कुत्र्यांच्या भागात बारीक डोळ्याची वेल्डमेश लावा.

कोपरे. काटकोन नकोत, तिरपे कापा. घाबरलेला कुत्रा काटकोनात अडकला की वळून चावतो.

डबल गेट. दोन गेटं आणि मध्ये किमान ६ बाय ६ फुटांची चौकट. पहिलं बंद करायचं, चौकटीत पट्टा काढायचा, मग दुसरं उघडायचं. दोन्ही गेटं आपोआप बंद होणारी हवीत. गेट कोपऱ्यात देऊ नका, कारण नवीन कुत्रा आला की आतले सगळे गेटवर गर्दी करतात आणि बहुतेक भांडणं तिथेच होतात, नव्याला बाजूला निघायला जागा पाहिजे. दोन भागांना दोन वेगळी डबल गेटं. शिवाय माळीकामाची हातगाडी, ट्रॉली आत यायला एक १० फुटांचं गेट, त्याला कायम कुलूप.

जमीन. इथे सगळ्यात जास्त चुका होतात. उद्घाटनाला हिरवंगार लॉन दिसावं म्हणून लॉन अंथरतात आणि ते काही आठवड्यांत गेटजवळ आणि जाळीच्या कडेने पूर्ण उडून जातं, खाली काळी माती असेल तर जूनमध्ये चिखल. करायचं असं: गेटभोवतीचा भाग आणि जाळीलगतचा चार-पाच फुटांचा पट्टा चांगला दाबलेला मुरूम, मधल्या भागात हरळी, दुसरं कोणतंही नाजूक गवत नको. सगळ्या जमिनीला एका बाजूला उतार, दर १०० फुटांना एक ते दोन फूट, आणि त्या कडेला पावसाचं पाणी नेणारी जाळीची नाली. कृत्रिम टर्फ उन्हात तापतं आणि त्यात लघवीचा वास बसतो, नाही म्हणा. मोठी खडीपण नको, पंजे सोलतात.

निचऱ्याबद्दल इतकं बोलतोय कारण साचलेल्या पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) पसरतो. बागेत उंदीर असतातच, त्यांच्या आणि बाधित कुत्र्यांच्या लघवीतून त्याचे जंतू पाण्यात येतात आणि हा आजार माणसांनाही होतो. म्हणून पिण्याच्या पाण्याचं कायमचं भरलेलं सिमेंटचं टाकं बांधू नका. नळ द्या, खाली निचरा द्या, आणि प्रत्येकाने आपलं भांडं आणायचं.

बाकं. जाळीपासून किमान चार फूट लांब. बाकावर चढून कुंपणावरून उडी मारणारी कुत्री असतात. आणि बाकं कमीच ठेवा, माणसं बसून मोबाइलमध्ये गेली की कुत्र्यांवर लक्ष राहत नाही.

ताबा घेण्याआधी तपासा: दोन बादल्या पाणी वेगवेगळ्या ठिकाणी ओतून वाहतंय का बघा. दोन्ही गेटं हात सोडून देऊन बंद होतायत का बघा. जाळीच्या खालून हात फिरवा, जिथे मूठ जाते तिथून पिल्लू जातं. तारांची कापलेली टोकं आत वळलेली असतील तर तिथेच ठेकेदाराला बोलवा.

## टप्पा ६: नियम, तेही उद्घाटनाच्या आधी

बोर्ड मराठीत, मोठ्या अक्षरात, दोन्ही भागांच्या गेटवर. मसुदा साधारण असा ठेवा:

- महापालिकेचा कुत्र्याचा परवाना आणि रेबीज लसीचं चालू वर्षाचं कार्ड असेल तरच प्रवेश.
- चार महिन्यांखालची, लसीकरण पूर्ण न झालेली पिल्लं नाहीत. माजावर आलेली मादी नाही. खोकणारा, जुलाब होणारा, गोचिडांनी भरलेला कुत्रा नाही.
- एका माणसासोबत जास्तीत जास्त दोन कुत्री, पट्टा कायम हातात.
- आत खाऊ नाही, माणसांचाही नाही. भांडणं बहुतेक खाण्यावरून आणि बॉलवरून होतात.
- १२ वर्षांखालची मुलं मोठ्या कुत्र्यांच्या भागात नाहीत.
- शी लगेच उचलायची आणि झाकणाच्या वेगळ्या डब्यात टाकायची, बागेच्या खतखड्यात नाही.
- कुत्रा कोणाला चावला तर जखम १५ मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायची, मग लगेच दवाखाना. ज्याचा कुत्रा त्याने लसीचं कार्ड तिथेच द्यायचं.

कुंपणाच्या आत आहे म्हणून जबाबदारी संपत नाही हे गटात सगळ्यांना समजावून सांगा. आपल्या जनावरापासून माणसाला इजा होऊ नये याची काळजी न घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

## टप्पा ७: पहिला महिना आणि पहिला पावसाळा

उद्घाटनाला पन्नास कुत्री एकदम आत सोडू नका. पहिले दोन आठवडे वेळा वाटून द्या, एका वेळी सहा-आठ कुत्री पुरे. नवीन कुत्र्याला आधी जाळीच्या बाहेरून पट्ट्यावर एक चक्कर मारून आणा, आतल्यांचा वास घेऊ द्या, मग आत. शेपूट पायात घातलेला कुत्रा "सवय होईल" म्हणून आत ढकलू नका, होत नाही.

सफाईचा तक्ता गेटवर लावा, नावांसकट, आणि आठवड्यातून एकदा उद्यान निरीक्षकाला फोटो पाठवत राहा, तक्रार आली की त्याच्याकडे दाखवायला काहीतरी असतं. एक वही ठेवा: भांडण, चावा, गेट बिघाड, तारीख आणि काय केलं.

पावसाळ्यात गवत आखूड ठेवा, गोचिडांचं औषध व्हेटला विचारूनच फवारा आणि ते पूर्ण वाळेपर्यंत जागा बंद ठेवा. जोराच्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी जागा उघडण्याआधी एक फेरी मारायची: पाणी कुठे साचलंय, जाळीखालची माती कुठे वाहून गेलीय, गेटचे बिजागरे गंजलेत का. जिथे चिखल झालाय तिथे वरून मुरूम टाकून काम होत नाही, चिखल खरवडून काढा, उतार सुधारा, मग मुरूम दाबा. गणपतीपर्यंत ही यादी लिहून उद्यान विभागाला आवक शिक्क्यासह द्या, म्हणजे दुरुस्तीची रक्कम पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात धरायला वेळ राहतो.